उत्तरकाळातील नवता : एक ध्वनिमुद्रिका, एक काव्यसंग्रह आणि समीक्षेची अडचण

१

मराठी समीक्षेने नवतेचा विचार केला आहे तो प्रामुख्याने आरंभाच्या अंगाने. परंपरेशी विच्छेद कोठे झाला, तो कोणत्या सामाजिक-सांस्कृतिक दाबाखाली झाला, त्यातून कोणते नवे रूपबंध सिद्ध झाले, हे प्रश्न तिने बारकाईने हाताळले आहेत. परंतु नवता एकदा प्रस्थापित झाली, तिचे प्रवर्तक वयस्क झाले आणि तरीही लिहीत राहिले, तर त्या लेखनाचे काय करावयाचे, हा प्रश्न तिच्यापुढे क्वचितच गंभीरपणे उभा राहिला. साहित्येतिहासाच्या पुस्तकात नवकवींचे प्रकरण ज्या पानावर संपते, त्या पानावरच त्या कवींचे वाङ्मयीन आयुष्यही जणू संपते. उरलेली तीस-चाळीस वर्षे ‘पुढील काळात त्यांनी अमुक संग्रह प्रसिद्ध केले’ एवढ्या वाक्यात मावतात.

या उणिवेचे एक कारण चरित्रात्मक आहे आणि ते वाटते तितके बाह्य नाही. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचा निर्देश होतो ते केशवसुत १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे जन्मले आणि १९०५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, प्लेगने गेले. बालकवी १९१८ साली अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. नवकाव्याचे प्रवर्तक बा. सी. मर्ढेकर १९०९ ते १९५६ असे जेमतेम सेहेचाळीस वर्षे जगले. वेंगुर्ले परिसरात, म्हणजे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातच, १९३० साली जन्मलेले आरती प्रभू १९७६ साली त्याच वयात निवर्तले. ज्यांच्या कवितेवरून मराठी समीक्षेने ‘नवा कवी’ ही प्रतिमा घडविली, त्यांपैकी बहुतेकांना उत्तरकाळ असा लाभलाच नाही. साहजिकच नवता म्हणजे विच्छेद, विच्छेद म्हणजे तारुण्य आणि तारुण्याचा शेवट म्हणजे मृत्यू, असे एक अलिखित समीकरण रूढ झाले. या समीकरणात जगून राहिलेल्या नवकवीला जागा नाही. त्याने पूर्वीसारखेच लिहिले तर ती पुनरावृत्ती ठरते. वेगळे लिहिले तर ती माघार ठरते.

ही अडचण केवळ मराठीची नाही आणि केवळ कवितेचीही नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकप्रिय संगीतात ‘न्यू वेव्ह’ या नावाने जो प्रवाह ओळखला गेला, त्याच्या बाबतीत ती अधिक ठळकपणे दिसते. म्हणून त्या प्रवाहातील एका ज्येष्ठ बँडची अलीकडील ध्वनिमुद्रिका आणि विंदा करंदीकरांचा अखेरचा महत्त्वाचा काव्यसंग्रह ‘अष्टदर्शने’ यांना शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. या दोन कृतींत प्रभावाचे कोणतेही नाते नाही. नाते आहे ते दोघींपुढे उभ्या असलेल्या प्रश्नाचे.

२

इंग्लंडमध्ये १९७६–७७ च्या सुमारास पंक संगीताचा स्फोट झाला. वादनकौशल्याचा तिरस्कार, तीन स्वरमेळांत आटोपणारी गाणी, प्रस्थापिताविषयीची उघड शिवीगाळ ही त्याची लक्षणे होती. हा स्फोट दोन-तीन वर्षांत ओसरला, परंतु त्याने मोकळ्या केलेल्या जागेत अधिक अंतर्मुख, अधिक पुस्तकी आणि ध्वनीच्या पोताविषयी अधिक सजग अशी एक पिढी आली. फ्रेंच चित्रपटातील ‘नव्या लाटे’वरून उचललेली ‘न्यू वेव्ह’ ही संज्ञा तिला चिकटली. लंडनच्या दक्षिणेकडील क्रॉली या गावातून पुढे आलेला ‘द क्युअर’ हा बँड या पिढीतला.

या बँडचे साहित्याशी असलेले नाते आरंभापासून स्पष्ट होते. १९७८ च्या अखेरीस निघालेली त्याची पहिली तबकडीच आल्बेर काम्यूच्या ‘परका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९४२ सालच्या कादंबरीतील हत्येच्या प्रसंगावर आधारलेली होती. पुढे काफ्का, बोदलेअर, मर्व्हिन पीक यांच्या लेखनातून या बँडने गाण्यांची बीजे घेतली. मराठीत साठोत्तरी पिढीने ज्या ग्रंथांतून परात्मतेची जाणीव आपलीशी केली, जवळजवळ त्याच कपाटातून ही गाणी आली आहेत. बँडचा प्रमुख गायक व गीतकार रॉबर्ट स्मिथ याचा जन्म १९५९ चा. ‘फेथ’ (१९८१) आणि ‘पॉर्नोग्राफी’ (१९८२) या ध्वनिमुद्रिका त्याने वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी केल्या. त्यांत क्षय, थकवा, सर्व काही संपल्याची भावना ओतप्रोत आहे. विशीतील तरुणाने आपण वृद्ध झालो आहोत, असे गावे, ही त्या काळातील न्यू वेव्हची एक प्रातिनिधिक भूमिका होती. येथे ‘भूमिका’ हा शब्द नाट्यातील अर्थानेही घ्यावयास हवा.

या प्रवाहाच्या स्मृतिव्यवहारातही अकालमृत्यूने मोठी कामगिरी बजावली. मँचेस्टरच्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडचा गायक इयन कर्टिस १९८० साली तेविसाव्या वर्षी आत्महत्येने गेला. त्याच्या दोन ध्वनिमुद्रिकांना जे स्थान मिळाले, ते त्याच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू ऑर्डर’ या नावाने पुढे दशकानुदशके केलेल्या कामाला तेवढ्या निःशंकपणे दिले गेले नाही. जो गेला त्याची नवता अबाधित राहिली. जे राहिले त्यांना प्रत्येक वेळी ती नव्याने सिद्ध करावी लागली. मर्ढेकर आणि त्यांच्या नंतर जगलेले नवकवी यांच्याविषयीच्या मराठी समीक्षाव्यवहाराशी याचे साम्य लक्षात येण्याजोगे आहे.

३

‘द क्युअर’ची ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ ही ध्वनिमुद्रिका १ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या आधीची ध्वनिमुद्रिका २००८ सालची, म्हणजे मध्ये सोळा वर्षांचे अंतर आहे. प्रसिद्धीच्या वेळी स्मिथ पासष्ट वर्षांचा होता. आठ गाणी, सुमारे एकोणपन्नास मिनिटांचा अवधी आणि १९८५ नंतर प्रथमच सर्व गाणी एकट्या स्मिथच्या रचनेची, ही तिची बाह्य रूपरेखा. यांतील काही गाणी २०२२ पासूनच्या मैफलींत श्रोत्यांनी ऐकलेली होती. मुद्रित रूपाआधी मौखिक रूपात पोचलेली ही संहिता आहे, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

पहिल्या गाण्याचे, ‘अलोन’चे, बीज अर्नेस्ट डाउसन या इंग्लिश कवीच्या ‘ड्रेग्ज’ या कवितेत आहे. डाउसन हा केशवसुतांचा समवयस्क. त्याचा जन्म १८६७ चा आणि मृत्यू १९०० मधला, म्हणजे बत्तिसाव्या वर्षी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या ऱ्हासवादी कवींत त्याची गणना होते. विशेष असा की, जीवनाच्या तळाशी उरलेल्या गाळाविषयीची ही कविता अशा माणसाने लिहिली, ज्याला वार्धक्य कधी भोगावे लागले नाही. तिचा स्वर अनुभवाचा नसून अपेक्षेचा आहे. पासष्टाव्या वर्षी स्मिथ ही कविता हाती घेतो तेव्हा तो तिचा अनुवाद करीत नाही. तिला कालांतराने खरी करतो. आणि डाउसनच्या आडून तो स्वतःच्याच तेविसाव्या वर्षातील गाण्यांनाही खरी करतो. तरुणपणी धारण केलेला वृद्धत्वाचा मुखवटा आणि चेहरा यांत आता अंतर उरलेले नाही.

डाउसनच्या कवितेत गाण्यांचा शेवट मनुष्यमात्राच्या संदर्भात सांगितला जातो. स्मिथ तेथे प्रथमपुरुषी अनेकवचन आणतो. इंग्रजी सर्वनाम येथे संदिग्ध आहे. मराठी वाचकाला मात्र या ठिकाणी निवड करावी लागते : ते ‘आम्ही’ आहे की ‘आपण’? ‘आम्ही’ घेतले तर हा एका बँडचा निरोप ठरतो. ‘आपण’ घेतले तर ज्यांनी चार दशके ही गाणी ऐकली आणि जे गायकाबरोबरच वयस्क झाले, तो श्रोतृसमूह त्यात सामावतो. ध्वनिमुद्रिकेची एकंदर रचना दुसऱ्या अर्थाकडे झुकते. इंग्रजी भाषेने झाकून ठेवलेली ही द्विधा मराठीच्या व्याकरणामुळे उघड होते, हा तौलनिक वाचनाचा एक लाभ होय.

रचनेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय बाब म्हणजे आवाजाचे उशिरा येणे. ‘अलोन’मध्ये गाण्याचा सुमारे निम्मा काळ केवळ वाद्यांचा आहे. अखेरचे ‘एन्डसाँग’ दहा मिनिटांहून मोठे असून त्यात निम्म्याहून अधिक वेळ गायक बोलतच नाही. ढोलाचा संथ, जड ठेका, त्यावर थरांमागून थर चढविणारी स्वरपट्टीची वाद्ये आणि विरूपित गिटार. श्रोता वाट पाहतो. गायकाच्या आगमनापूर्वी जग असते आणि ते त्याच्याशिवाय चालू असते, याची जाणीव हा रूपबंध करून देतो. लोकप्रिय गाण्यात ‘मी’ पहिल्याच ओळीपासून रंगमंचाचा ताबा घेतो. येथे त्याला आपली जागा शोधावी लागते. आवाज मात्र वयाने फारसा बदललेला नाही. तोच उंच, किंचित रडवेला, कुमारवयीन वाटणारा स्वर. शब्द वृद्धाचे, कंठ तरुणाचा आणि भोवतालचा ध्वनी या दोघांपेक्षा मोठा, असा हा ताण आहे. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्ताच्या परिभाषेत सांगावयाचे तर विरोधलयीवर उभा राहिलेला हा समतोल आहे.

‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे गाणे स्मिथच्या थोरल्या भावाच्या मृत्यूविषयीचे आहे. ‘एन्डसाँग’च्या मागे १९६९ च्या जुलैमधील चांद्रावतरणाच्या सुमारास, दहा वर्षांच्या मुलाने आकाशातील चंद्राकडे पाहिल्याची आठवण आहे. दोन्ही ठिकाणी पूर्वीच्या गाण्यांतील अमूर्त विषादाला वस्तुनिष्ठ आधार मिळाला आहे. पहिल्या गाण्याच्या आरंभी आलेला शब्दबंध अखेरच्या गाण्याच्या समाप्तीशी पुन्हा येतो आणि संपूर्ण कृतीला वर्तुळाकार घाट प्राप्त होतो. वर्तुळ पूर्ण होते, पण आरंभीचे अनेकवचन तेथे उरलेले नसते. ‘आपण’पासून निघालेली ध्वनिमुद्रिका एकट्या ‘मी’पाशी आणि त्याच्याजवळ उरलेल्या शून्यापाशी थांबते.

या कृतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मध्यभागातील ‘वॉरसाँग’ आणि ‘ड्रोन:नोड्रोन’ या गाण्यांत ध्वनीची तीव्रता आशयाच्या तीव्रतेची जागा घेऊ पाहते. शिवाय एकाकीपण, अंत, शून्य या शब्दांची आवृत्ती इतकी वारंवार होते की, वाद्यरचनेचा आधार काढून घेतल्यास काही गीते कागदावर उभी राहणे कठीण. परंतु गीत हे कागदावर उभे राहण्यासाठी नसतेच. ज्या ठिकाणी शब्द सामान्य होतात, तेथे शब्दापूर्वीच्या दीर्घ प्रतीक्षेने त्यांना वजन दिलेले असते. शब्दाचे मूल्य त्याच्या आधीच्या मौनावरून ठरते, हे काव्यविचारात वारंवार मांडले गेलेले तत्त्व येथे अक्षरशः ऐकू येते.

४

विंदा करंदीकरांचा जन्म १९१८ साली धालवली येथे झाला. आज हे गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. १९८१ पूर्वी ते रत्नागिरी जिल्ह्यात होते. मंगेश पाडगावकर, ज्यांचा जन्म १९२९ साली वेंगुर्ल्याचा, तेही याच जुन्या जिल्ह्याचे. वसंत बापट, विंदा आणि पाडगावकर या तिघांनी मिळून महाराष्ट्रभर केलेले जाहीर काव्यवाचन ही मराठी काव्यव्यवहारातील एक स्वतंत्र घटना होय. छापील पानात अडकलेल्या नवकवितेला त्यांनी सभागृहातील श्रोता मिळवून दिला. कवितेचा मौखिक प्रयोग करणारी ही त्रयी आणि मैफलींतून जगणारा बँड यांत प्रकारभेद आहे, पण श्रोत्याबरोबर वयस्क होण्याचा अनुभव दोघांनाही समान आहे.

‘स्वेदगंगा’ (१९४९), ‘मृद्‌गंध’ (१९५४), ‘धृपद’ (१९५९), ‘जातक’ (१९६८) आणि ‘विरूपिका’ (१९८१) हा विंदांचा काव्यप्रवास. श्रमिकाच्या मुक्तीवरील विश्वासापासून शरीरजाणिवेपर्यंत आणि तेथून संशय व उपरोधापर्यंत तो पोचतो. मुक्तसुनीत, तालचित्र, विरूपिका असे प्रत्येक टप्प्यावर नवे घाट त्यांनी घडविले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या समीक्षाग्रंथाचे नावच ‘परंपरा आणि नवता’ असे आहे. नवता ही ज्याच्या चिंतनाची संज्ञा होती, तो कवी ‘विरूपिका’नंतर बावीस वर्षांनी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ‘अष्टदर्शने’ (२००३) घेऊन येतो. आणि तो येतो ते ओवी-अभंगाच्या कुळातील छंदोबद्ध रचना घेऊन. देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहौअर, नित्शे आणि बर्गसाँ हे सात पाश्चात्त्य तत्त्वज्ञ आणि आठवा चार्वाक, असा त्याचा विषय.

या संग्रहाचा सन्मान झाला, पण त्याचे वाचन त्या मानाने झाले नाही. २००३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार विंदांना मिळाला. खांडेकर आणि कुसुमाग्रज यांच्यानंतर मराठीतील तो तिसरा. गौरवाच्या वातावरणात ‘अष्टदर्शने’ हा एका दीर्घ कारकिर्दीचा कळस म्हणून नोंदला गेला आणि नोंदला गेल्यामुळेच प्रश्नांकित होण्यापासून सुटला. नवकवी वार्धक्यात ओवीकडे वळला, ‘अमृतानुभवा’चे अर्वाचीनीकरण करणाऱ्या कवीने अखेर तत्त्वज्ञानाची वाट धरली, हा अर्थ फार सहज हाती लागतो. मराठी संस्कृतीला वृद्ध कवीकडून विरक्तीची अपेक्षा असते. संतकवितेतील निर्वाणीच्या अभंगांनी ही अपेक्षा पिढ्यानपिढ्या दृढ केली आहे. ‘अष्टदर्शने’ या अपेक्षेत बसते, असे वरवर पाहता वाटते.

प्रत्यक्षात ते बसत नाही. पहिली गोष्ट म्हणजे या आठ दर्शनांची निवड. मराठी ओवीने तत्त्वज्ञान वाहून नेले आहे हे खरे, पण ते बहुतांशी वेदान्ताचे आणि भक्तीचे. त्या ओवीच्या कुळातील छंदावर विंदांनी देकार्तचा संशय, नित्शेचा ईश्वरमृत्यू आणि चार्वाकाचा प्रत्यक्षवाद लादला. ज्या पात्रातून मराठी समाजाने शतकानुशतके श्रद्धा प्राशन केली, त्याच पात्रातून त्याला अश्रद्धा पाजली जाते. दुसरी गोष्ट शीर्षकातील. ‘षड्दर्शने’ या रूढ संज्ञेचे स्मरण देत विंदा ती संख्या वाढवितात आणि आशय बदलतात. माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकाला पहिले स्थान मिळते, परंतु ते खंडनाची पहिली पायरी म्हणून. चार्वाकाविषयी जे ज्ञात आहे तेही मुख्यत्वे त्याच्या प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून. विंदांच्या आठांत तो कांट-हेगेलांच्या पंक्तीला समान दर्शनकार म्हणून बसतो. भारतीय परंपरेतून एकाच प्रतिनिधीची निवड करावयाची आणि ती चार्वाकाची करावयाची, हा निर्णय विरक्त वृद्धाचा नाही. तो ‘परंपरा आणि नवता’ या ग्रंथाच्या कर्त्याचाच आहे.

तिसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘मी’चे स्थान. विंदांच्या पूर्वीच्या कवितेत निवेदक ठसठशीत होता. तो प्रतिज्ञा करी, आव्हान देई, स्वतःचीच टर उडवी. सभागृहात पोचणारा तो आवाज होता. ‘अष्टदर्शने’त तो मागे सरतो आणि आठ अन्य मनांना बोलू देतो. ही दर्शने परस्परविरोधी आहेत. हेगेलची समग्रता स्वीकारली तर शोपेनहौअर उरत नाही. चार्वाक स्वीकारला तर सातांपैकी अनेकांचा पायाच ढासळतो. कवी त्यांचा मेळ घालीत नाही, निवाडाही करीत नाही. एकाच छंदोजातीची संथ, समान चाल सर्वांना लाभते आणि त्या समानतेमुळेच त्यांच्यातील विसंवाद अधिक उघडा पडतो.

या कृतीतही दुबळ्या जागा आहेत. एखाद्या तत्त्वज्ञाची संपूर्ण पद्धती मोजक्या चरणांत सामावण्याच्या हव्यासात काही ठिकाणी कविता ही स्मरणसुलभ सारांशाच्या पातळीवर येते. तेथे यमक विचाराला पुढे नेत नाही, केवळ बांधून ठेवते. त्या जागी वाचकाला गद्य अधिक इष्ट वाटले तर तो दोष वाचकाचा नव्हे. परंतु विचाराचा व्यूह आणि छंदाची गती जेथे परस्परांना अडवतात, तेथे विचारालाच लय असते याचा प्रत्यय येतो. काळाच्या अखंड प्रवाहाचे प्रतिपादन करणारा बर्गसाँ, ओवीसारख्या न थांबता पुढे जाणाऱ्या छंदाच्या वारशात मांडणे, ही केवळ विषयनिवड नसून रूपाने केलेला युक्तिवाद आहे.

५

उत्तरशैलीविषयी पाश्चात्त्य समीक्षेत जी चर्चा झाली, तिचा आरंभ आडोर्नोच्या बेथोव्हनवरील १९३७ सालच्या निबंधाशी निगडित आहे. मोठ्या कलावंताच्या अखेरच्या कृती पक्व फळासारख्या गोल व गोड नसतात. त्या खडबडीत, भंगलेल्या, तडजोड नाकारणाऱ्या असतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. एडवर्ड सैदच्या मृत्यूनंतर, २००६ साली, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हाच विचार वाङ्मयाच्या क्षेत्रात विस्तारला गेला. ‘पक्वता’ या सोयीस्कर संज्ञेला या विचाराने धक्का दिला हे त्याचे मोल. तथापि त्याचे थेट उपयोजन येथे पुरेसे ठरत नाही. ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ भंगलेली नाही. तिचा घाट वर्तुळाकार आणि बंदिस्त आहे. ‘अष्टदर्शने’ रूपाच्या पातळीवर पूर्णतः शिस्तबद्ध आहे. दोन्ही कृतींतील तडजोडहीनता रूपभंगात नाही. ती अन्यत्र शोधावी लागते.

ती ‘मी’ला दिलेल्या स्थानात सापडते. न्यू वेव्ह असो की नवकविता, आरंभीच्या विच्छेदात ‘मी’ हा केंद्रस्थानी होता. परंपरेने दिलेली सामूहिक भाषा नाकारून पृथगात्म व्यक्तीने स्वतःचा स्वर लावणे, हेच त्या नवतेचे बळ होते. उत्तरकाळात या दोन्ही कृतींनी स्वतःच्या त्या पहिल्या निर्णयाकडेच पुन्हा पाहिले आहे. स्मिथ आपल्या आवाजाला थांबवून ठेवतो, विंदा आपला आवाज इतरांना देतात. एकाने रूप तेच ठेवले आणि त्यातील ‘मी’चे आगमन लांबविले. दुसऱ्याने रूपच बदलले आणि ‘मी’ जवळजवळ वगळला. स्मिथ अखेर ‘मी’पाशीच पोचतो, कारण शोक हा प्रथमपुरुषीच असतो. विंदा पोचत नाहीत, कारण त्यांचा प्रश्न शोकाचा नसून ज्ञानाचा आहे. हा भेद दोन कलावंतांच्या संवेदनस्वभावातला आहे. त्यावरून एकाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कनिष्ठ ठरविण्याचे कारण नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. दीर्घायुषी मराठी कवींच्या उत्तरकालीन लेखनाची दखल मराठी समीक्षेने घेतलीच नाही, असे म्हणणे अतिव्याप्त होईल. इंदिरा संत, कुसुमाग्रज यांच्या अखेरपर्यंतच्या कवितेचे वाचन झाले आहे. अरुण कोलटकरांचे ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’ हे संग्रह त्यांच्या अखेरच्या काळातले आणि त्यांवर गंभीर चर्चा झाली. आक्षेप रास्त आहे, पण तो मूळ मुद्द्याला बाध आणत नाही. इंदिरा संत किंवा कुसुमाग्रज यांचे वाचन सातत्याच्या गृहीतकावर आधारलेले होते, कारण त्यांची गणना विच्छेदवाद्यांत होत नव्हती. कोलटकरांच्या बाबतीत ‘भिजकी वही’ आणि २००४ मधील मृत्यू यांच्यातील अंतर इतके थोडे होते की, त्या संग्रहांच्या स्वागतावर निरोपाची छाया पडली. मृत्यूने पुन्हा एकदा समीक्षेचे काम सुकर केले. विच्छेद करणारा, नंतर दीर्घकाळ जगणारा आणि उत्तरवयात स्वतःच्या विच्छेदाचाच पुनर्विचार करणारा कवी, हा प्रकार समीक्षेला अद्याप परका आहे. विंदा ‘अष्टदर्शने’नंतरही २०१० पर्यंत, एक्क्याण्णव वर्षांचे होईतो, जगले. त्यांनी समीक्षेला निरोपाची सोय करून दिली नाही.

६

या विवेचनातून मूल्यमापनाचा एक निकष सुचतो. ज्येष्ठ नवकलावंताची उत्तरकालीन कृती ‘अद्याप नवी आहे काय’ असे विचारणे व्यर्थ होय. नवता हा काळाशी बांधलेला गुण असल्याने त्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थीच येणार. ‘कारकिर्दीच्या शिखरकाळाच्या तोडीची आहे काय’ हा प्रश्नही तितकाच निष्फळ, कारण त्यात शिखर आधीच ठरवून टाकलेले असते. विचारावयाचे ते असे : या कृतीने कलावंताच्या पहिल्या नकाराचे काय केले? तो नकार तिने सवयीने पुन्हा उच्चारला, त्याच्याविषयी दिलगिरी व्यक्त केली, की त्याला पुन्हा पणाला लावले? सवयीने उच्चारला असेल तर ती पुनरावृत्ती. दिलगिरी असेल तर ती माघार. पणाला लावला असेल तर वय कितीही असो, नवतेचे कार्य तेथे चालू आहे.

या निकषावर ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ आपल्या उत्तम गाण्यांत उत्तीर्ण होते, कारण तरुणपणी केवळ भूमिका म्हणून स्वीकारलेली निराशा प्रत्यक्ष वियोगाच्या कसोटीवर टिकते की नाही, हे तिने तपासून पाहिले आहे. ‘अष्टदर्शने’ अधिक धोका पत्करते, म्हणून अधिक ठिकाणी अडखळतेही. नवकाव्याने दूर सारलेल्या छंदपरंपरेत नवकाव्याचा संशयवाद टिकतो की नाही, हा तिचा प्रयोग आहे. त्याच्या यशापयशाची मोजदाद चरणश: व्हावयास हवी आणि ती पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होण्याजोगी आहे. देकार्तच्या संशयाला छंदाच्या निश्चित यतीने बाध येतो काय, नित्शेच्या सूत्रमय गद्याचे या रचनेत काय होते, ‘विरूपिके’तील उपरोध येथे पूर्ण मावळला की छंदाच्या आड लपला, असे प्रश्न अभ्यासकाची वाट पाहत आहेत.

रत्नागिरीच्या साहित्यिक भूगोलाला या संदर्भात एक सूचक अर्थ आहे. १९९० साली मधु मंगेश कर्णिकांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन रत्नागिरीत भरले आणि १९९४ साली मालगुंड येथे केशवसुतांचे स्मारक उभे राहिले. ज्या कवीने १८९३ साली ‘तुतारी’ लिहून जुने जाऊ देण्याची हाक दिली, त्याच्यावर स्वतःच जुने होण्याची वेळ आलीच नाही. त्याच जुन्या जिल्ह्यात जन्मलेल्या विंदांवर ती आली, आणि त्यांनी ती टाळली नाही. पहिल्याचे स्मारक बांधता आले, कारण त्याचे कार्य पूर्ण झालेले होते, निदान ते पूर्ण मानणे शक्य होते. दुसऱ्याचे कार्य पूर्ण मानण्याची घाई मराठी समीक्षेने केली आहे. पुरस्काराने जो ग्रंथ बंद झाला, तो वाचनाने पुन्हा उघडणे, ही आज तिच्यापुढील साधी आणि निकडीची जबाबदारी होय.